ठेका दिला, तरी नियोक्ता पालिकाच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नगरपालिकांतील कंत्राटी कामगारांविषयीच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वरचेवर येतात. कधी घंटागाड्या थांबलेल्या असतात, कधी पाणीपुरवठा केंद्रावरील माणसांचे काही महिन्यांचे वेतन थकलेले असते, कधी न्यायालयाने एखाद्या पालिकेवर ताशेरे ओढलेले असतात. या बातम्यांत कामगार दिसतो, ठेकेदार दिसतो, संघटनेचा पदाधिकारी दिसतो. मात्र ज्याच्या सहीने ती नियुक्ती, तो करार किंवा ती कामावरून कमी करण्याची कारवाई झाली, तो मुख्याधिकारी, उपायुक्त किंवा आस्थापना विभागाचा प्रमुख सहसा चर्चेत येत नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे नगरपरिषदांच्या आस्थापना विभागात गेली आणि निवृत्तीनंतरही अशा प्रकरणांचे कागद तपासण्याचे काम माझ्याकडे येत असते. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की स्थानिक स्वराज्य संस्थेचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, आपण कायद्याने नियोक्ता आहोत, हे कोणी नीट शिकवतच नाही. परिणामी माणसे नेमण्याचा निर्णय साहित्य खरेदीच्या निर्णयासारखा घेतला जातो आणि त्याची किंमत कामगार, करदाता आणि पुढे तो अधिकारी स्वतः, असे तिघेही मोजतात.

नगरपालिका ही 'उद्योग' आहे की नाही, म्हणजे तिला कामगार कायदे लागू होतात की नाही, हा वाद फार जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातील संस्थेविषयीचा आहे. नागपूर महानगरपालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच पालिकेच्या एकेका विभागाचे काम तपासून आरोग्य, पाणीपुरवठा, दिवाबत्ती असे बहुतेक विभाग औद्योगिक विवादाच्या कायद्याखाली येतात, असे ठरवले होते. त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरीही 'आम्ही शासकीय यंत्रणा आहोत, कामगार कायदे कारखान्यांसाठी असतात' हे वाक्य मी कितीतरी सभागृहांत आणि दालनांत ऐकले आहे. ते बोलणारे अधिकारी अप्रामाणिक नव्हते. त्यांनी नगरपरिषद अधिनियम १९६५ वाचला होता, लेखासंहिता वाचली होती, निविदेचे नियम तोंडपाठ होते. कामगार कायद्याचे पुस्तक मात्र त्यांच्या हाती कधी कोणी दिले नव्हते.

सर्वांत परिचित कागदापासून सुरुवात करतो. 'सदर नियुक्ती पूर्णतः तात्पुरत्या स्वरूपाची असून ११ महिन्यांनंतर ती आपोआप संपुष्टात येईल, तसेच संबंधितास कायमपणाचा कोणताही हक्क राहणार नाही' अशा आशयाचा आदेश प्रत्येक पालिकेच्या संगणकात तयार नमुना म्हणून ठेवलेला असतो. ११ महिने संपले की एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड द्यायचा आणि त्याच माणसाला, त्याच खुर्चीवर, त्याच मजकुराचा नवा आदेश द्यायचा, ही पद्धत इतकी रुळली आहे की खंड दिला म्हणजे कायद्याचे समाधान झाले, अशी प्रामाणिक समजूत होऊन बसली आहे. कायदा खंडाकडे पाहतो तो कामाच्या स्वरूपाच्या संदर्भात. काम कायम स्वरूपाचे आहे का, वर्षभरात २४० दिवस काम झाले आहे का, आणि खंड कामाच्या अभावामुळे पडला की हक्क तोडण्यासाठी मुद्दाम पाडला, हे प्रश्न न्यायालय विचारते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यातील चौथ्या अनुसूचीची सहावी बाब नेमकी याच प्रथेला नाव देते: कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे राबवणे. हीच बाब चार नव्या कामगार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही आहे. म्हणजे जो आदेश अधिकारी पालिकेचे संरक्षण म्हणून काढतो, तोच आदेश, सलग पाच-सात वर्षांच्या प्रती एकत्र लावल्या की, औद्योगिक न्यायालयात पालिकेविरुद्धचा पहिला पुरावा ठरतो.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे 'उमादेवी'. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या प्रकरणात घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी दिलेल्या निकालाचा हवाला बहुतेक प्रत्येक पालिकेच्या लेखी म्हणण्यात असतो आणि तो बहुधा अर्धाच दिलेला असतो. मागच्या दाराने झालेल्या भरतीला कायमपणाचा शिक्का देता येणार नाही, हे त्या निकालाने सांगितले आणि ते योग्यच आहे, कारण जाहिरात पाहून अर्ज करण्याची वाट पाहणाऱ्या हजारो तरुणांचा समान संधीचा हक्क त्यात गुंतलेला असतो. परंतु त्याच निकालाने बेकायदा नियुक्ती आणि केवळ अनियमित नियुक्ती यांत भेद केला, आणि मंजूर पदांवर न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराविना १० वर्षे काम केलेल्यांचा एकवेळचा विचार करावा, असेही सांगितले. पुढे २००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळ आणि कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटना यांच्यातील महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास औद्योगिक न्यायालयाला असलेले अधिकार उमादेवी निकालाने हिरावलेले नाहीत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: मंजूर पदच नसेल तर न्यायालय सहसा कायमपणाचा आदेश देत नाही, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रकरणात २००१ मध्ये, पदनिर्मिती शासनाच्या हातात असल्याचा बचाव मान्य झाला होता.

या बचावाचा पुढे जो वापर झाला, तो मला अस्वस्थ करतो. पालिका म्हणते, आकृतिबंधाला, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याला, मान्यता शासन देते, आमच्या हाती काही नाही. शासन म्हणते, पालिकेची आर्थिक स्थिती पदे भरण्यासारखी नाही. दोन्ही पत्रे खरी असतात, दोन्हींना जावक क्रमांक असतो, आणि दरम्यान झाडू मारणारी बाई १५ वर्षे तात्पुरती राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांचा रोख या टोलवाटोलवीकडेच आहे. डिसेंबर २०२४ मधील जग्गो प्रकरणात न्यायालयाने म्हटले की उमादेवी निकाल दीर्घकाळ सेवा केलेल्यांना नाकारण्याची ढाल म्हणून वापरला जात आहे. ३१ जानेवारी २०२५ रोजी गाझियाबाद महानगरपालिकेच्या उद्यान विभागातील माळ्यांच्या प्रकरणात, वर्षानुवर्षे काम केलेल्यांना नोटीस आणि भरपाई न देता कमी करणे बेकायदा ठरवून, त्यांना निम्म्या थकीत वेतनासह कामावर परत घेण्याचा आणि त्यांना नियमित करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश झाला. ऑगस्ट २०२५ मधील धरमसिंग प्रकरणात तर आर्थिक अडचणीचे कारण पुढे करून, रोजच्या सार्वजनिक कामाचा भार उचलणाऱ्यांच्या जिवावर शासनाने आपले अंदाजपत्रक जुळवू नये, अशा आशयाचे शब्द न्यायालयाने वापरले. या निकालांच्या प्रती किती मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचल्या असतील, असा प्रश्न मी सद्भावनेनेच विचारतो.

थेट नेमणुकीचे हे त्रास ओळखून पालिका ठेकेदाराकडे वळल्या. ठेकेदार मध्ये आला की माणसे त्याची, वेतन त्याचे, वाद त्याचा, असे गृहीत धरले गेले. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतुकीच्या कामात काय झाले, हे प्रत्येक उपायुक्ताने वाचावे असे प्रकरण आहे. कंत्राटी कामगारांचा कायदा २० कामगारांपासून लागू होत असे, म्हणून कंत्राटे त्या संख्येच्या आत बसतील अशी लहान लहान केली गेली, आणि काम करणाऱ्यांना कामगार म्हणण्याऐवजी स्वयंसेवक म्हटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे प्रकरण लढवले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० सफाई कामगारांना पालिकेचेच कामगार ठरवले आणि तो निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निकालाने, ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणजे कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याच्या, म्हणजे ज्याच्या कामासाठी ठेकेदार नेमला त्याच्या, सेवेत येत नाही, असे सांगितले होते. पण ठेका हा केवळ पडदा असेल तर पडद्यामागचा नियोक्ता शोधता येतो, हेही त्याच निकालात आहे. हजेरी पालिकेचा मुकादम घेत असेल, कामाची वाटणी आरोग्य निरीक्षक करत असेल, रजा पालिकेचा अधिकारी मंजूर करत असेल आणि ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहत असतील, तर करारावर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

आता या सगळ्याची चौकट बदलली आहे आणि मला सर्वाधिक चिंता त्याचीच वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अंमलात आल्या. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे सारे त्यांत सामावले गेले. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा ५० कामगारांची झाली, जी महाराष्ट्रात आधीच तशी होती. पालिकांसाठी खरा बदल वेगळा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने आस्थापनेच्या 'मूळ कामात' कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आणि त्याला काही अपवाद ठेवले. मूळ कामात काय धरू नये याची जी यादी दिली आहे, तिच्या पहिल्याच ओळीत झाडलोट, स्वच्छता, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट ही कामे आहेत. पुढे पहारा, बागकाम, बांधकाम व देखभाल, वाहतूक असेही आहे. ही यादी वाचून अनेक कार्यालयांत समाधान व्यक्त झाल्याचे मी ऐकले, कारण पालिकेची जवळजवळ सगळी ठेक्याची कामे तिच्यात सापडतात.

परंतु त्या यादीच्या वरच एक अट आहे, ती वाचल्याशिवाय यादी वाचणे धोक्याचे आहे. ती आस्थापना त्या कामासाठी स्थापन झालेली नसेल तरच ते काम मूळ कामाबाहेरचे समजावे, असे तिथे म्हटले आहे. कापड गिरणीत अंगण झाडणे हे गिरणीचे मूळ काम नाही, हे कोणालाही पटेल. नगरपालिका मात्र स्थापन झाली तीच मुळी पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छतेसाठी. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हा सहावा विषय आहे, आणि राज्याच्या पालिकाविषयक कायद्यांत सार्वजनिक रस्ते व गटारे स्वच्छ ठेवणे ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. तेव्हा कचरा गोळा करणे हे पालिकेचे मूळ काम नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल, हे मला समजत नाही. मूळ कामातही काही परिस्थितींत ठेका देण्यास संहिता मुभा देते, विशेषतः जे काम रूढ पद्धतीने ठेकेदारामार्फतच होते त्यासाठी, आणि पालिका त्या मुभेचा आधार घेतील हे उघड आहे. त्यावर न्यायालयांत वाद होतील. तोपर्यंत, 'सफाई यादीत आहे' एवढ्या टिपणीवर तीन-तीन वर्षांचे ठेके मंजूर करणारा अधिकारी पालिकेच्या डोक्यावर मोठे दायित्व ठेवून जातो, हे त्याला आजच कोणीतरी सांगायला हवे. विनापरवाना ठेकेदाराची माणसे मुख्य नियोक्त्याचीच समजली जातील, या अर्थाची तरतूद याच संहितेत आहे. म्हणजे परवान्याची मुदत संपली की नाही, ही लिपिकावर सोडून देण्याची बाब उरलेली नाही.

ठेक्यातील वेतनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे कायद्याचा भंग निविदेच्या तक्त्यातच दिसत असतो. ज्या कामाच्या अंदाजपत्रकात बहुतांश वाटा मजुरीचा आहे आणि ती मजुरी किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा यांनी ठरलेली आहे, त्या कामाची निविदा अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के कमी दराने भरली जाते आणि ती 'पालिकेची बचत' म्हणून मंजूर होते. ही बचत कुठून येणार? ठेकेदाराच्या नफ्यात २० टक्के जागा नसते. ती एक तर कागदावरच्या माणसांच्या संख्येतून येते, नाही तर हातात पडणाऱ्या वेतनातून. किमान वेतनाच्या खाली जाणारा दर स्वीकारणे म्हणजे कायदा मोडला जाणार हे माहीत असून सही करणे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कामांत मजुरीचा भाग निविदेतून वगळून स्पर्धा केवळ सेवाशुल्कावर ठेवता येते आणि काही ठिकाणी ती ठेवलीही जाते. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, याची सोय करारात नसेल तर वाढीव रकमेचा वाद दुसऱ्याच सहामाहीत उभा राहतो. देयक मंजूर करताना मागील महिन्याचे भविष्य निर्वाह निधीचे चलन नावानिशी जोडलेले पाहणे, वेतन बँक खात्यात गेल्याची यादी हजेरीशी ताडून पाहणे, ही कामे लेखा विभागाची आहेत असे समजून आस्थापना विभाग मोकळा होतो आणि लेखा विभाग फक्त बेरीज तपासतो.

आणखी एक युक्तिवाद नेहमी कानावर येतो: पालिकेने बिल दिले नाही म्हणून ठेकेदाराने वेतन दिले नाही. कायद्यात या साखळीला जागा नाही. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे. ठेकेदाराने दिले नाही तर मुख्य नियोक्त्याने द्यायचे आणि ठेकेदाराच्या देयकातून वसूल करायचे, हे पूर्वीच्या कायद्यात होते आणि आताही आहे. पालिकेकडे वसुलीचा मार्ग असतो, सफाई कामगाराकडे दुकानदाराची उधारी थांबवण्याचा मार्ग नसतो. म्हणून थकीत वेतनाच्या प्रत्येक बातमीत 'ठेकेदाराला नोटीस दिली आहे' हे पालिकेचे उत्तर छापून येते, तेव्हा आपल्या वार्ताहराने पुढचा प्रश्न विचारावा: मुख्य नियोक्ता म्हणून पालिकेने स्वतः वेतन का अदा केले नाही?

हे सारे अधिकाऱ्यांच्या अज्ञानामुळेच होते, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय पदभरती नाही, ही शासनाची अट या प्रश्नाच्या मुळाशी आहे. कायम कामगाराचे वेतन आस्थापना खर्चात मोजले जाते. तेच काम ठेक्याने करून घेतले की ती रक्कम सेवा किंवा देखभाल या शीर्षाखाली जाते आणि टक्केवारी सुधारलेली दिसते. पैसा त्याच तिजोरीतून जातो, वर ठेकेदाराचे शुल्क आणि कर लागतो, तरी कागदावर काटकसर होते. प्रामाणिकपणे कायम पदे भरू पाहणाऱ्या मुख्याधिकाऱ्याला ही अट अडवते आणि ठेका देणाऱ्याला वाट मोकळी करते. मनुष्यबळावरील एकूण खर्च, मग तो वेतनातून होवो की ठेक्यातून, एकत्र मोजून मगच मर्यादा ठरवावी, अशी मागणी नगरविकास विभागाकडे लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याची वाट खुली केली होती आणि तीव्र विरोधानंतर पुढच्याच महिन्यात तो रद्द करण्याची घोषणा झाली. तो निर्णय गेला. पण ज्या हिशेबाने तो आवश्यक वाटला, तो हिशेब तसाच आहे.

स्त्री कामगारांच्या बाबतीत तर न्यायालयांनी संदिग्धता ठेवलेलीच नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील स्त्री कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजीच प्रसूती लाभ रोजंदारीवरील स्त्रीलाही आहे, असे ठरवले. २०२३ मध्ये, कराराची मुदत रजेच्या काळात संपत असली तरी लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, असेही न्यायालय म्हणाले. तरीही गरोदर असलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरला 'मुदत संपली, नूतनीकरण नाही' असे एका ओळीचे पत्र मिळते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी आणि रोजंदारी कामगार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. अंतर्गत समितीचा फलक कार्यालयाच्या जिन्यात लागलेला असतो, मात्र पहाटे पाचला हजेरीसाठी मोकळ्या जागेत उभ्या राहणाऱ्या सफाई कामगार स्त्रियांपर्यंत ती माहिती कोण नेतो, हे मी कुठल्याही अहवालात पाहिलेले नाही.

गटारांविषयी एकच वाक्य पुरेसे आहे, आणि ते कायद्याचे आहे. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा म्हणतो की कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था धोकादायक गटारसफाईसाठी कोणालाही 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' कामाला लावणार नाही. इथे ठेकेदाराचा आडोसा कायद्यानेच काढून टाकला आहे. मृत्यू झाल्यास द्यावयाची भरपाई २०१४ मध्ये १० लाख रुपये होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती ३० लाख केली.

आता व्यवस्थापकांच्या स्वतःच्या कराराकडे येतो, कारण तो विषय तर कोणी काढतच नाही. शहर समन्वयक, अभियान व्यवस्थापक, कंत्राटी अभियंता, प्रकल्प सल्लागार अशी कितीतरी पदे केंद्र व राज्याच्या योजनांतून ठोक मानधनावर भरली जातात. ही माणसे अहवाल करतात, ठेकेदारांवर देखरेख ठेवतात, स्वच्छता सर्वेक्षणाच्या काळात रात्री जागतात, आणि त्यांचा स्वतःचा करार दोन पानांचा असतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारी व्यक्ती, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. म्हणून कामावरून कमी करताना द्यावयाची नोटीस आणि भरपाई हे संरक्षण त्यांना मिळत नाही आणि औद्योगिक न्यायालयाचे दारही सहसा बंद असते. उरतो तो उच्च न्यायालयातील रिट अर्ज, जो १५ दिवसांच्या सूचनेवर नोकरी गेलेल्या तरुण अभियंत्याला परवडत नाही. अशा करारात सूचनेचा कालावधी दोन्ही पक्षांना सारखा असणे, रजा, प्रवासखर्च आणि कामाची व्याप्ती लिहिलेली असणे, मुदतवाढीचा निर्णय मुदत संपण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचा हे ठरलेले असणे, आणि गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे असेल तर म्हणणे मांडण्याची संधी असणे, एवढे तरी हवेच. ठपका ठेवणारा आदेश चौकशीविना काढला तर तो कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीतही न्यायालयात टिकत नाही, हे अनेक वेळा दिसून आले आहे. पण आदेश काढणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि ज्याला काढले त्याला वकील मिळेपर्यंत वर्ष उलटते.

नियमित सेवेतील मुख्याधिकाऱ्यांची अडचण वेगळी आहे. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने तीन वर्षांचा कार्यकाळ सांगितला असला तरी प्रत्यक्षात मुदतपूर्व बदल्या होत राहतात. ज्याने करार केला तो औद्योगिक न्यायालयाचे समन्स येईपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात असतो, आणि ज्याच्या हाती समन्स पडते त्याला फाईल सापडत नाही. न्यायालयाच्या आदेशाचे पालन न झाल्यास अनुचित कामगार प्रथांविषयीच्या १९७१ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे आणि ती तेव्हा खुर्चीवर असलेल्याला भोवते. त्यामुळे पदभार देताना-घेताना प्रलंबित कामगार प्रकरणे, सुरू असलेले ठेके व त्यांचे परवाने, मुदत संपत आलेले करार आणि न्यायालयीन आदेशांचे पालन यांची स्वतंत्र यादी सहीनिशी दिली-घेतली जावी, असा आदेश नगरपरिषद संचालनालयाने काढणे कठीण नाही.

शिक्षणाची सोयही आपल्याकडे आहे. पुण्यात यशदा आहे, मुंबईत १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था आहे. मुंबईतील गिरणी कामगारांची संघटना १८८४ च्या सुमारास उभी करणाऱ्या लोखंड्यांच्या नावाची ही संस्था आणि पालिका अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या पहिल्या दोन संस्था यांनी एकत्र बसून मुख्याधिकारी, उपायुक्त आणि आस्थापना अधीक्षकांसाठी नव्या संहितांचा अभ्यासक्रम तयार करावा, अशी माझी सूचना आहे. तो एका दिवसाच्या व्याख्यानाचा नसावा. प्रत्यक्ष नियुक्ती आदेश, प्रत्यक्ष ठेक्याचा मसुदा, प्रत्यक्ष कामगारकपातीची नोटीस समोर ठेवून, ती न्यायालयात कशी वाचली जाईल हे औद्योगिक न्यायालयात काम केलेल्या माणसांकडून शिकावे लागेल, आणि तो पूर्ण केल्याशिवाय आस्थापनेच्या फाईलवर अंतिम सही करण्याचा अधिकार मिळू नये.

दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर पालिकांत पुन्हा लोकनियुक्त सभागृहे येत आहेत आणि अंदाजपत्रकाबरोबर ठेक्यांचे विषयही सर्वसाधारण सभेपुढे जातील. आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर त्या सभांना उपस्थित असतात. मनुष्यबळ पुरवठ्याचा प्रत्येक विषय मंजुरीला येईल तेव्हा ते काम पालिकेच्या मूळ कामांपैकी आहे का, यावर विधी विभागाचा लेखी अभिप्राय जोडला आहे की नाही, आणि निविदेचा दर चालू किमान वेतनाच्या वर आहे की नाही, एवढ्या दोन बाबी त्यांनी बातमीत नोंदवाव्यात, ही विनंती.

आपला,
नगरपरिषद सेवेतील एक निवृत्त आस्थापना अधिकारी